बघितल्याशिवाय सही नाही

आबांचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. माणसांची नावं कागदावर घालायच्या बाबतीत ते फार कडक होते, आणि त्यांच्या माघारी त्यांचंच नाव मी कुठंतरी ठोकून दिलेलं त्यांना आवडलं नसतं. सगळं कळस गाव त्यांना आबा म्हणायचं. मीही आबाच म्हणायचे. पहिली दोन वर्षं मनातल्या मनात दुसरंच काहीतरी म्हणत होते, ते जाऊ दे.

मी तेव्हा इंदापूरला वनखात्याच्या ऑफिसात क्लार्क होते आणि राहायला बारामतीला. रोज सकाळी एसटी, रोज संध्याकाळी एसटी, आणि मधल्या वेळात माझा स्वभाव. तो तापट आहे हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. आबा आमच्याच खात्याचे नोकर. कळसच्या माळावर सरकारचं एक उद्यान आहे, तिथले ते राखणदार. उद्यान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं कारंजं आणि घसरगुंडी आली असेल तर ती काढून टाका. तिथं गवत आहे. गवत संपलं की पुन्हा गवत आहे. मधूनमधून हिवर, बोर, एखादी बाभूळ. सभोवार तारेचं कुंपण, आत एक मातीचा रस्ता, सिमेंटचे दोन पाणवठे, आणि गेटाशी आबांची पत्र्याची खोली. त्या गवतात चिंकारा राहतात. शेळीपेक्षा जेमतेम उंच, मातीच्या रंगाचं हरण. उन्हाळ्यात आमचं खातं टँकर पाठवतं, त्या पाण्यावर ते जगतात. गावकरी त्या जागेला नुसतं 'पार्क' म्हणतात.

आबा बोलायचे फार हळू. घसा बसला होता म्हणून नव्हे. आयुष्यभर जनावरांच्या आसपास काढल्यामुळं मोठ्यानं बोलायची सवयच सुटली होती. घरी तसंच, एसटीत तसंच, ऑफिसात साहेबांपुढंही तसंच. फोनवर तर माझा जीव जायचा. मी ओरडायचे, "आबा, जरा मोठ्यानं बोला, काही कळत नाही." पलीकडून कुजबुज यायची, "म्याडम, तुमी हळू बोला. मला येतंय ऐकू." त्यांची लेक बारामतीला दवाखान्यात नर्स आहे. ती एकदा मला म्हणाली, लहानपणी आबा रागावले की आम्ही भावंडं जवळ जाऊन उभी राहायचो, कारण काय रागावतायत ते ऐकू यायला पाहिजे ना.

बोरांच्या दिवसांत ऑफिसात आले की माझ्या टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. पहिल्यांदा मी ती शिपायाला देऊन टाकली. पुढच्या वर्षी एक खाल्लं. त्याच्या पुढच्या वर्षीपासून शिपायाला काही मिळालं नाही.

आता रजिस्टर. पार्कात जायला तिकीट नव्हतं. फक्त गेटावर एक जाड रजिस्टर असायचं. आलेल्या माणसानं नाव, गाव लिहायचं, सही करायची आणि आत जायचं. दर महिन्याला आबा ते रजिस्टर पिशवीत घालून एसटीनं इंदापूरला आणायचे, मी सह्या मोजून आकडा वर पाठवायचे. कामं किती सोपी असतात कागदावर.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तपासणीला कळसला गेले. पार्कात एक फेरी मारली, पाणवठे बघितले, सँडलमध्ये कुसळं भरून घेतली आणि गेटावर येऊन रजिस्टर मागितलं. आबांनी रजिस्टरवर हात ठेवला आणि विचारलं, "काय बघितलं म्याडम?"

मला वाटलं, म्हातारा गप्पा मारतोय. मी म्हटलं, "गवत."

"कुठलं?"

"म्हणजे काय कुठलं? गवत म्हणजे गवत."

आबांनी रजिस्टर मिटलं. "मग परत या."

मी त्यांच्या ऑफिसची माणूस, तपासणीला आलेली, आणि हा मनुष्य मला सही करू देईना. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी आवाज चढवला. ते शांतपणे ऐकून घेत राहिले आणि मग त्यांनी मला त्यांची पद्धत समजावून सांगितली. सही आत जाताना नाही, बाहेर येताना. बाहेर येताना विचारायचं, काय बघितलं. ज्यानं काही बघितलं त्याचं नाव घालायचं आणि पुढं काय बघितलं तेही लिहायचं. ज्यानं काही बघितलं नाही तो नुसता येऊन गेला. त्याला परत बोलवायचं.

ही पद्धत त्यांनी कुठून आणली तेही सांगितलं. दर उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावरांची गणना होते. रात्रंदिवस मचाणावर बसायचं आणि जे जनावर डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं. पाऊल दिसलं तर पाऊल लिहायचं, जनावर लिहायचं नाही. आवाज आला तर आवाज. अंदाज चालत नाही. आबांनी तीस वर्षं अशी गणना केली होती. पुढं त्यांच्या हातात माणसांचं रजिस्टर आलं, आणि त्यांनी तोच नियम माणसांना लावला. "जनावर मोजताना आपुन बघायचं," ते म्हणाले. "माणूस मोजताना त्यानं बघितलेलं पायजे. न्हायतर ते मोजणं कशाचं?"

मी कपाळाला हात लावला. "आबा, आपल्याला फक्त किती लोक आले ते पाहिजे," असं दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. पुढच्या महिन्यात रजिस्टर आलं, तर तेच. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या महिन्यापासून मी सांगायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर सह्या कमी असल्या की मला बेरीज सोपी जायची. हे मी आज कबूल करते, तेव्हा कुणाजवळच केलं नाही.

आणि ते रजिस्टर वाचायला मजा यायची हेही खरं. 'खोकड, दोन पिल्लं, कान मोठे.' 'माळटिटवी, अंड्यावर बसलेली, उठली नाही.' 'चिंकारा मादी, शेपटी सारखी हलत होती.' महिन्याला पंधरा-वीस नोंदी. प्रत्येक नोंद आबांच्या डोक्यात पक्की. एकदा ऑफिसात एक गृहस्थ कसल्यातरी दाखल्यासाठी आले होते. आबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "घोरपड. आठ वर्सं झाली." तो माणूस चकित. आठ वर्षांपूर्वी पाहुण्यांसोबत तो पार्कात आला होता आणि त्यानं घोरपड बघितली होती.

एकदा वरचे एक अधिकारी कुटुंबासह जीपमधून आले. पाणवठ्यापर्यंत गाडी नेली, गाडीतच बसून डबे खाल्ले, काचा वर करून परत आले आणि सहीला हात पुढं केला. आबांनी विचारलं, काय बघितलं. साहेब हसले. आबा हसले नाहीत. शेवटी साहेबांची धाकटी मुलगी म्हणाली की पाणवठ्याच्या कडेला एक सरडा होता आणि त्याचं डोकं लाल होतं. आबांनी फक्त त्या मुलीचं नाव लिहून घेतलं, पुढं 'सरडा, डोकं लाल'. साहेबांचं नाव त्या रजिस्टरात आजही नाही. आबांना त्याचा जाब विचारणारं पत्र मलाच टाइप करावं लागलं आणि त्याचं उत्तरही मीच आबांच्या वतीनं लिहिलं, पद्धतीबद्दल एक अक्षर न घालता.

असं सगळं चाललं होतं. आणि मग मुंबईहून यादी आली.

सरकारला खर्च कमी करायचा होता. राज्यातली जी उद्यानं लोक बघत नाहीत ती बंद करायची, माणसं दुसरीकडं हलवायची, टँकर थांबवायचे, असा प्रस्ताव होता. कुठलं उद्यान लोक बघत नाहीत हे कशावरून ठरवलं, तर दरमहा पाठवलेल्या आकड्यांवरून. पुण्या-मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर आकड्याशिवाय दुसरं दिसणार तरी काय. यादीत आमचं पार्क पहिल्या पाचात होतं. मी ते पत्र उघडलं, वाचलं आणि कपाटातून जुने तक्ते काढून बघितले. कारण ते आकडे माझ्या हातचे होते.

लोकांच्या हरकती ऐकायला इंदापूरला सभा ठेवली. पुण्याहून एक मोठे साहेब येणार होते. मला वाटलं होतं चार डोकी येतील. हॉल भरून माणसं बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. कळसची होती, आसपासच्या वाड्यांची होती, एक टेंपो काटेवाडीहूनही आला होता. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एकसारखे टी-शर्ट घालून एका बाजूला उभी होती, शंभर तरी असतील. ती रोज पहाटे पार्कातल्या मातीच्या रस्त्यावर पळायची.

पहिल्यांदा कळसच्या सरपंचबाई उठल्या. सरपंच व्हायच्या आधी त्यांनी वीस वर्षं खुरपणीच्या टोळीचं मुकादमपण केलेलं, त्यांना माइक लागत नाही. "सायेब, आमचं आख्खं गाव त्या पार्कात जातंय," त्या म्हणाल्या. "पोरं पळायला जात्यात, म्हातारी माणसं बसायला जात्यात, आमी बाया बोरं येचायला जातो. लगीन ठरलं की फोटू काढायला बी तितंच. आन् तुमी म्हणता कुणी येत न्हाय?"

साहेब शांत होते. त्यांनी समोरचं रजिस्टर उचललं. ते मीच टेबलावर ठेवलं होतं. "सरपंच, वर्षभरात तुमच्या गावची नावं आहेत अकरा," ते म्हणाले. "तेवढीच इथं आहेत. मी काय करू?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सरपंचबाई सावकाश मागं वळल्या. आबा शेवटच्या रांगेत बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन.

"आबा," त्या म्हणाल्या, "आमची नावं कुठं गेली?"

आबा उठले आणि बोलायला लागले. कुणाला काही ऐकू येईना. "मोठ्यानं बोला" असा गलका झाला. त्यांना पुढं आणलं, हातात माइक दिला. माइकमध्येही ते तसेच बोलले. पण कुजबुज माइकमधून आली की माणसं आपोआप गप्प होतात, हे मला त्या दिवशी कळलं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

त्यांनी सगळं सांगितलं. पळणारी पोरं खाली मान घालून पळतात, त्यांनी काही बघितलेलं नाही. फोटो काढणारी एकमेकांकडं बघतात. बोरं वेचणाऱ्या बाया बोरं बघतात, ते ठीक आहे, पण बोर तर गावातही आहे. ज्यांनी बघितलं त्यांची नावं आहेत. एकही राहिलेलं नाही.

आधी लोक हसले. मग हसणं थांबलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानंच घालवलं की पार्क." कुणी त्याला गप्प केलं नाही.

साहेब माणूस बरा होता. त्यांनी वाट काढून दिली. आबांनी लेखी द्यावं, की रोज इतकी इतकी माणसं येतात, नोंद करायची राहून गेली. तो कागद प्रस्तावाला जोडून वर पाठवू. मी तिथल्या तिथं मजकूर लिहून काढला. रोज सुमारे दोनशे, असं घातलं. त्यात खोटं फारसं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. आबांनी कागद घेतला, सगळा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"म्याडम, हे म्या मोजलेलं न्हाय."

"आबा, सही करा. पार्क बंद होईल. तुमची ती चिंकारं पाण्यावाचून मरतील. तुम्हाला हे कळतंय का?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"कळतंय," ते म्हणाले. "मोजायचं असंल तर मोजू. पर आधी लिहायचं आन् मग मोजायचं, ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

साहेबांनी तो कागद बाजूला सारला. म्हणाले, "ठीक आहे. यादी पक्की व्हायला पंधरा दिवस आहेत. पंधरा दिवसांचं रजिस्टर द्या. पण आधीच्या आकड्यांचं काय झालं ते मला लेखी लागेल. ही पद्धत कुणाची, आणि ऑफिसला माहीत होती का?"

ऑफिसला म्हणजे मला. आबांनी पहिल्याच वर्षी मला सगळं समजावून सांगितलं होतं, गेटावर उभं राहून. मी तेव्हाच वर कळवलं असतं तर ही सभा झालीच नसती. आबांनी कोरा कागद मागून घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होते. 'रजिस्टरची पद्धत माझी स्वतःची आहे. दोष माझा आहे. ऑफिसात सांगितली होती किंवा कसे ते आठवत नाही.' खाली सही.

आठ वर्षांपूर्वीची घोरपड लक्षात ठेवणारा माणूस. त्याला आठवत नव्हतं.

मी उठून उभी राहायला पाहिजे होतं. मला आठवतंय, असं म्हणायला पाहिजे होतं. मी कागद घडी घालून फाइलला लावला आणि खाली बसले. एवढी तोंडाळ म्हणून माझी ख्याती, आणि मी फाइलची नाडी बांधत राहिले. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

पुढच्या रविवारी सगळी माणसं पार्कावर लोटली. मोबाइलवरून निरोप फिरले होते, 'पार्क वाचवा, सही करायला या'. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली. कुणीतरी भोंगा लावला होता, गेटावर फ्लेक्स लागला होता. मीही बारामतीहून सकाळच्या एसटीनं आले होते. मला वाटलं, आज तरी आबा शहाण्यासारखं वागतील. चारशे सह्या घ्यायच्या, विषय संपवायचा.

आबांनी पहिल्यांदा भोंगा बंद करायला लावला. मग खोलीतून रजिस्टर आणलं, शर्टाच्या गुंडीला दोरीनं बांधलेलं पेन हातात घेतलं आणि गेटाच्या आतल्या अंगाला, बाहेर जायच्या वाटेवर खुर्ची टाकून बसले.

माणसं आत शिरली आणि दहा मिनिटांत परत आली. एवढी झुंबड बघून माळावर चिमणीसुद्धा थांबली नसेल.

"काय बघितलं?"

"चिंकारा," पहिला गडी म्हणाला.

"किती?"

"पाच-सा होतं."

"शेपटी कशी होती?"

"होती की."

मागची माणसं हसली. दुसऱ्यानं मोर सांगितला. आबा म्हणाले, "हितं मोर न्हाय. परत जा." तिसरा, चौथा, दहावा, सगळे परत. एक सही होईना. ऊन चढायला लागलं तशी माणसं चिडायला लागली. ज्यांच्या ट्रॉल्या आणल्या होत्या ते म्हणायला लागले, डिझेल जाळून आलो ते ह्याच्या परीक्षा द्यायला का? मी आबांच्या कानाशी जाऊन दातओठ खात म्हणाले, आबा, हात जोडते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शेवटी सरपंचबाई पुढं आल्या. "आबा, आजच्या दिस तुमचा नेम बाजूला ठिवा. पार्कच गेलं तर राखणार काय?"

आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "सरपंच, म्या आज नेम सोडला तर चारशे नावं हुतील. उद्या हितं कोण यील? त्यास्नी काय बघायचं तेच ठावं न्हाय. ठावं न्हाय म्हणून तर बंद करायला निघाल्यात." मग माळाकडं बोट करून म्हणाले, "लई अवघड न्हाय. गप बसायचं. येतंय सगळं म्होरं."

सरपंचबाईंनी पदर खोचला, माळाकडं बघितलं आणि आपल्या बायांकडं वळल्या. "चला गं. पाती धरा."

खुरपणीला बाया शेतात उतरल्या की प्रत्येक बाई आपली एक पात धरते, म्हणजे सरीएवढी पट्टी, आणि एका ओळीत, दोघींत सारखं अंतर ठेवून बसते. दिवसभर उकिडवं बसायची ती सवय. त्या दिवशी त्यांनी माळावर तशाच पाती धरल्या. चाळीस बाया गवतात ओळीनं बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्यांचं बघून भरतीची पोरं पलीकडच्या उतारावर अंतर सोडून बसली. मग बाकीचे. जे ओरडत होते तेही बसले, कारण उभा राहिलेला माणूस एकटाच दिसायला लागला. मी एका हिवराखाली बसले. चारशे माणसं माळावर आणि आवाज फक्त वाऱ्याचा. असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

तासाभरानं चंडोल बोलायला लागले. दोन तासांनी, असं म्हणतात, पाणवठ्यावर तीन चिंकारा आले. मला दिसले नाहीत. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी घड्याळ बघत होते.

दुपार कलल्यावर माणसं एकेक करून गेटाशी यायला लागली, आणि यायची ती हळू बोलत. आबा विचारत होते, लिहीत होते. 'ससा, माझ्याकडं बघत होता.' 'मुंग्या, तोंडात पांढरी अंडी.' 'शिकरा, सरडा घेऊन गेला.' भरतीच्या एका पोरानं सांगितलं, "आबा, वाटंच्या कडंला खोकडाचं बीळ हाय. रोज त्याच्यावरनं उडी मारून पळतोय, आज दिसलं." आबांनी लिहिलं. एक नवी लग्न झालेली सून पुढं आली, मागं बघून खात्री केली आणि म्हणाली, "सासूबाई दोन तास गप बसलेल्या बघितल्या." मला वाटलं, ही आता परत जाणार. आबांनी विचारलं, "सोता बघितलं?" ती म्हणाली, व्हय. "मग लिवा," ते म्हणाले आणि पेन तिच्या हातात दिलं.

सगळ्यात शेवटी मी. गेटाशी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आबा, मला आठवतंय. तुम्ही सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी."

"ते ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "काय बघितलं ते सांगा."

खोटं सांगायला काही लागत नव्हतं. तीन चिंकारा आल्याचं सगळ्यांच्या तोंडून ऐकलंच होतं. शेपटीसकट सांगता आलं असतं. "काही नाही," मी म्हटलं.

आबांनी रजिस्टर मिटलं. "मग परत या म्याडम."

पंधरा दिवसांची मुदत संपेपर्यंत माणसं येत राहिली. भोंगा नाही, ट्रॉल्या नाहीत, दोघं-तिघं मिळून, आपापली. रजिस्टर संपलं, दुसरं द्यावं लागलं. ती दोन्ही आम्ही पुण्याला पाठवली. साहेबांनी ती मोजली असतील की वाचली असतील ते मला माहीत नाही. यादी आली त्यात आमचं पार्क नव्हतं. 'पुढील आदेश होईपर्यंत सुरू ठेवावे,' असं एक ओळीचं पत्र वेगळं आलं. मी ताबडतोब कळसला फोन लावला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टँकर यील न्हवं?"

येईल म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

आधीच्या आकड्यांबद्दल आबांना ताकीद मिळाली. ती मीच टाइप केली. आपल्या बेजबाबदारपणामुळे वगैरे सगळे शब्द माझ्या बोटांनी उमटवले. आबा ऑफिसात आले तेव्हा हातात दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "टायपिंग सुधारलं तुमचं." टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवली आणि गेले. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडून घेतलं.

दीड वर्षानं ते रिटायर झाले. मागच्या उन्हाळ्यात गेले. लेकीनं फोन केला होता, मी बाहेरगावी होते, पोचले नाही. शेवटीही फार हळू बोलत होते, ती म्हणाली. डॉक्टरांना वाटायचं ताकद नाही, म्हणून तिला सांगावं लागायचं की हे असंच बोलतात.

यंदा थंडीत मी एकदा कामाच्या दिवशी रजा टाकून कळसला गेले. मनात खूप दिवस होतं. गेटावर आता एक चाळिशीतली बाई असते, ठेकेदाराची माणूस, निळा गणवेश. गेटाच्या खांबाला एक मशीन बसवलंय. माणूस आत गेला की ते आपोआप मोजतं. मी आत गेले आणि त्याच हिवराखाली बसले. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.

अर्धा तास मी समोरच्या बोरीच्या झुडपाकडं बघत होते. वाळलेलं गवत, माती, झुडपाची सावली. मग त्या मातीतली एक काळी रेघ हलली. थांबली. पुन्हा हलली. ती शेपटी होती. माझ्यापासून तीस पावलांवर एक चिंकारा मादी बसून रवंथ करत होती, मी यायच्या आधीपासून. मी इतका वेळ तिच्याकडंच बघत होते आणि मला झुडूप दिसत होतं. तिचं एक शिंग वाकडं होतं. ती माझ्याकडं बघत होती आणि तोंड चाललं होतं.

मी उठले तेव्हा गुडघे धरले होते. गेटाशी आले आणि त्या बाईसमोर उभी राहिले.

"झाली तुमची नोंद मॅडम," ती म्हणाली. "आत जातानाच हुती. मशीन मोजतंय."

"ते असू दे गं. तू मला विचार."

"काय इचारू?"

"काय बघितलं ते."

तिनं माझ्याकडं वेड्या माणसाकडं बघतात तसं बघितलं. मग खुर्ची मागं सरकवून उठली आणि विचारलं, "काय बघितलं?"

मी सांगायला लागले. ती जवळ आली आणि कान पुढं केला, कारण मी फार हळू बोलत होते.